डिलाईल रोडवरील दस्तुरी आणि बदली-कार्ड

जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकांस ‘दस्तुरी’ हा शब्द नवा नाहीं. फारसी ‘दस्तूर’, म्हणजे वहिवाट, यावरून तो आला. वहिवाटीनें घ्यावयाची रक्कम ती दस्तुरी. पेशवाईच्या हिशेबांत ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्थ’ या नांवांनीं तिचीं भावंडें भेटतात. दफ्तरांतला हा शब्द विसाव्या शतकांत मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकांवर नित्य ऐकूं येत होता. चाकरींत बढती श्रमानें मिळते कीं संधानानें, या वादावर या शब्दाच्या इतिहासानें काय प्रकाश पडतो, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वाद प्राचीन आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत राजद्रव्य हरण करण्याचे चाळीस प्रकार मोजले, आणि लगेच पुढील अध्यायांत राजसेवकांची परीक्षा सांगितली. जे धन खात नाहींत व न्यायानें वाढवितात, त्यांस ‘नित्याधिकार’ द्यावा, असा त्याचा अभिप्राय आहे. परंतु चांगला कोण, हें त्यानें कोणाच्या शिफारशीवर सोडलेलें नाहीं. त्याआधींच निबंधपुस्तकें व हिशेब ठेवण्याचें प्रकरण येतें. म्हणजे परीक्षेस आधार लेखाचा. मराठी राज्यांत दिवाण, मुजुमदार, फडणीस इत्यादि दरकदार बहुधा वंशपरंपरेनें येत, आणि त्यांच्या लेखणीनें एकमेकांवर दाब राही. नाना फडणिसांना फडणिशी वडिलांच्या मागें बाळपणींच मिळाली. राज्याचा कारभार मात्र वारशानें मिळाला नाहीं. त्यास दीर्घोद्योग लागला, आणि इतिहास ज्याला बारभाईंचें कारस्थान म्हणतो तेंही लागलें. श्रम व संधान यांची अशी सरमिसळ थोरांच्या चरित्रांत दिसते. सामान्य चाकरमान्याच्या वाट्यास त्यांतलें काय आलें, हें पाहण्यासाठीं डिलाईल रोडकडे वळलें पाहिजे.

सातरस्त्याकडून लोअर परळकडे जाणारा हा रस्ता आज ना. म. जोशी मार्ग या नांवानें ओळखला जातो. अपोलो, सीताराम अशा गिरण्या याच रस्त्यावर होत्या. 1920 सालीं स्थापन झालेल्या बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें मुंबईंत ज्या 207 चाळी बांधल्या, त्यांपैकीं 32 येथें उठल्या. रत्नागिरी, सातारा इत्यादि जिल्ह्यांतून आलेला माणूस प्रथम गांववाल्याच्या खोलीवर उतरे, खानावळींत जेवे, आणि पहाटे गिरणीच्या फाटकाशीं उभा राही. तेथें त्याची गांठ जॉबराशीं पडे.

जॉबर हा मूळचा कामगारच. साच्यांवर राबून वर आलेला. कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी 1854 त स्थापन होऊन 1856 त चालूं झाली. त्यापुढील काळांत गिरण्यांच्या खात्यांवर विलायती अधिकारी पुष्कळ होते. त्यांस मराठी येत नसे, आणि कामगारास इंग्रजी येत नसे. या अंतरांत जॉबर उभा राहिला. माणूस कामावर घेणें, त्यास काम शिकविणें, साचा दुरुस्त ठेवणें, रजा देणें आणि प्रसंगीं काढून टाकणें, हें सर्व त्याच्या हातीं आलें. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नाईकिणीकडे असे. काम लागतांना दस्तुरी, तें टिकविण्यासाठीं दस्तुरी, बदलीचा कायम होतांना पुन्हां दस्तुरी, अशी वहिवाट पडली. जॉबर पुष्कळदां कर्जही देई, खोली मिळवून देई, खानावळवालीपाशीं जामीन राही. त्यामुळें गिरणींतला वरिष्ठ आणि चाळींतला सावकार एकच होऊन बसे.

येथें दुसरी बाजू सांगणें न्यायाचें होईल. जॉबराचें स्वतःचें आसन खात्याच्या उत्पन्नावर अवलंबून असे. अडाण्यांचा भरणा केला तर सूत तुटे, कापड खराब होई, आणि अधिकारी त्यालाच जाब विचारीत. म्हणून हातांत कसब असलेला विणकर त्याला हवाच असे. तेव्हां श्रमाला किंमत नव्हती, असें म्हणतां येत नाहीं. किंमत होती, परंतु ती एका माणसाच्या स्मरणांत आणि मर्जींत साठविलेली होती. अमुक मनुष्य दहा वर्षें खाडा न करतां राबला, हें जॉबरानें म्हटलें तर खरें. तो न बोलला तर त्या दहा वर्षांस पुरावा कोठला? माझ्या मतें दस्तुरीचें मूळ लोभापेक्षां येथें अधिक आहे. ज्या श्रमाची नोंद नाहीं, त्याचा साक्षीदार हाच त्याचा मालक होतो.

1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या संपांत गिरणी कामगार युनियन पुढें आली. तिनें गिरणीगणिक समित्या उभारल्या, तेव्हां जॉबराच्या मध्यस्थीस पहिला मोठा धक्का बसला. 1929 त व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें 1931 च्या अहवालांत स्पष्ट सांगितलें कीं, माणसें घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबराकडून काढून घ्यावा आणि त्या कामीं लेबर ऑफिसर नेमावे. या कमिशनचे एक सभासद नारायण मल्हार जोशी होते. ज्या रस्त्यावर दस्तुरी चाले त्यालाच पुढें त्यांचें नांव मिळालें, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

1934 च्या कायद्यानें सरकारी लेबर ऑफिसर आला. 1935 त गिरणीमालक संघानें बदली कामगारांची नवी व्यवस्था घातली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक बदल्यांना कार्डें द्यावयाचीं, त्यांनीं रोज सकाळीं हजर राहावयाचें, आणि रिकाम्या जागा त्यांच्यांतूनच भरावयाच्या, असा तिचा सांगाडा होता. दस्तुरी यामुळें एकदम नाहींशी झाली, असें समजण्याचें कारण नाहीं. कार्ड कोणास द्यावें, येथेंही मर्जी शिरूं शकते. तथापि बदल्याच्या हातीं प्रथमच एक लेख आला. ‘मी इतके दिवस हजर होतों’ हें तो आतां दाखवूं शकत होता. कौटिल्याच्या नित्याधिकारास जो लेखाचा आधार होता, त्याचा लहानसा अंश कार्डाच्या रूपानें फाटकाशीं पोंचला.

18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर हा गिरणगांव पूर्ववत् झाला नाहीं. आतां बी. डी. डी. चाळींचाही पुनर्विकास चालला आहे. घर बदलतांना देव आणि भांडीं जपून नेलीं जातात. पत्र्याच्या पेटींतील जुनीं कार्डें, पगाराच्या चिठ्ठ्या आणि गिरणीचे पास रद्दींत जातात. आपण मोडी रुमालांसाठीं वाड्यांचीं माळवदें धुंडाळलीं. सनदा आणि महजर यांचें मोल आपण जाणतों. ज्यांनीं आयुष्यभर राबून नांव मिळविलें नाहीं, त्यांचा महजर म्हणजे हेंच कार्ड होय. संग्राहकांनीं या पेट्यांकडे वेळींच लक्ष द्यावें, इतकीच विनंति आहे. एरवीं त्यांच्या श्रमाची साक्ष पुन्हां दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून राहील.