बाहीवरची फीत आणि खांद्यावरचा तारा

मुळेच्या एका काठाला दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, दुसऱ्या काठाला खडकीचे बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे केंद्र आणि मुंबईच्या वाटेवर देहूरोडची छावणी, अशा शेजारात पिंपरी-चिंचवडची कारखानदारी वाढली. इथे सैनिकाची ओळख सहसा हुद्द्यानेच करून दिली जाते. लान्स नायकाच्या बाहीवर एक फीत, नायकाच्या दोन, हवालदाराच्या तीन; पूर्वी सेकंड लेफ्टनंटच्या खांद्यावर एक तारा असे. ही चिन्हे पाहून आपण त्या माणसाने युद्धात काय केले असेल, याचाही अंदाज बांधू लागतो. तो अंदाज चुकीचा ठरतो, कारण हुद्द्याचे चिन्ह आज हुकूम कोणी द्यायचा एवढेच सांगते. काल कोणी काय सोसले, हे त्याला सांगता येत नाही.

खडकीच्याच परंपरेतले दोन सेकंड लेफ्टनंट शेजारी ठेवून पाहावेत. प्रेमिंद्रसिंह भगत १९३९ साली देहरादूनच्या अकादमीतून अधिकारी झाले. १९४१ च्या जानेवारीअखेरीस ॲबिसिनियात त्यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. रामा राघोबा राणे मूळचे कारवारकडच्या चेंडियाचे. ते १९४० मध्ये साधे सैनिक म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, फिती मिळवत हवालदार झाले आणि १५ डिसेंबर १९४७ ला अधिकारी. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात, नौशेरा-राजौरी मार्गावर त्यांनी सुरुंग काढले, रस्त्यावर आडवी पाडलेली झाडे हटवली आणि जखमी असूनही रणगाड्यांना वाट करून दिली. याबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळाले. दोघांच्या खांद्यावर तोच एक तारा होता आणि कामही तेच होते. मागचा प्रवास मात्र अगदी निराळा. राण्यांचे हात ज्या साडेसात वर्षांत तयार झाले, त्यांची खूण तारा लागला त्याच दिवशी बाहीवरून उतरली. नवे चिन्ह जुन्याची जागा घेते, त्याच्या शेजारी बसत नाही. पुढे १९५० साली वरच्या हुद्द्यांच्या चिन्हांतला ब्रिटिश मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. राणे मेजर झाले तेव्हा त्यांच्या खांद्यावर सिंह होता. ज्या महायुद्धात ते काम शिकले, ते मुकुटाच्या राज्यातले.

यावर कोणी म्हणेल, बढती फुकट मिळत नाही. राणे हवालदार झाले ते कर्तबगारीनेच. खरे आहे. पण बढतीला जागाही रिकामी असावी लागते आणि तिच्या निकषांत पुढची जबाबदारी पेलण्याची पात्रता पाहिली जाते. मागच्या पराक्रमाची ती पावती नसते. १९४५ च्या ९ एप्रिलला इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव शिपाई होते. त्यांच्या बाहीवर एकही फीत नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सेवा सांगायला छातीवरची पदके असतातच की! मला यातच माझ्या म्हणण्याचा पुरावा दिसतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने जखमेसाठी आणि परदेशातल्या सेवेच्या वर्षांसाठी बाहीवर निराळ्या फिती सुरू केल्या. हुद्द्याच्या चिन्हातून हे कळत असते, तर त्यांची गरजच पडली नसती. शिवाय मोहिमेचे पदक माणूस कोणत्या आघाडीवर होता ते सांगते. त्याने तिथे पूल बांधला, सुरुंग काढला की गाडी दुरुस्त केली, हे सांगत नाही. दापोडी-खडकीच्या सैनिकी जीवनात तर हे कामच सर्वांत महत्त्वाचे.

मुरलीकांत पेटकर लष्कराची यंत्रे-वाहने दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलात क्राफ्ट्समन होते. हा हुद्दा शिपायाच्या बरोबरीचा, म्हणजे बाही कोरीच. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागून कायमचे अपंगत्व आले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले आणि पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीही केली. देशाने २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. या पट्ट्यातल्या युद्धसेवेचा इतिहास हुद्द्यांच्या यादीवरून लिहिला, तर पेटकर त्यात तळाशी येतील आणि राणे केवळ मेजर म्हणून. म्हणून माजी सैनिकांच्या नोंदी करताना हुद्द्याबरोबर भरतीचे साल, तुकडी आणि प्रत्यक्ष केलेले काम हे तीन रकाने असलेच पाहिजेत.