राहून गेलेली टोचणी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझा जन्म नर्सच्या नोकरीत गेला. लेख लिहिण्याची मला सवय नाही. परंतु त्यातली बरीच वर्षे मी लहान मुलांच्या टोचणीच्या खोलीत काढली, त्या विषयाचा थोडाबहुत इतिहासही वाचला. शिवाय एक गोष्ट मनात बरेच दिवस सलते आहे. ती या निमित्ताने भगिनींपुढे ठेवावी, असे वाटले.

आपल्या मुंबईचे आणि टोचणीचे नाते फार जुने आहे. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्याने टोचली गेली ती याच शहरात, १४ जून १८०२ रोजी. ती घेणारी अ‍ॅना डस्टहॉल ही अवघी तीन वर्षांची मुलगी होती. त्या काळी लस थंड ठेवण्याची सोय नव्हती. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातली लस दुसऱ्या मुलाच्या दंडाला, अशा रीतीने ती पुणे, सुरत, मद्रास येथवर पोचली. पुढे १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला. तेव्हा डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. अशा मोठ्या साथीत सर्वांचे डोळे नव्या लशीकडे लागतात, हे साहजिकच आहे. कोरोनाच्या वेळीही आपण तेच पाहिले.

पण रोगराई खरी हटते ती गाजावाजा न होणाऱ्या रोजच्या टोचणीने. १९७५ साली देवीचा रोग या देशातून गेला. १९७८ पासून सरकारने मुलांच्या टोचणीचा विस्तारित कार्यक्रम हाती घेतला आणि १९८५ पासून तो साऱ्या देशासाठी लागू करावयास घेतला. त्याच वेळी गोवराची लसही त्यात आली. मी नोकरीला लागले तेव्हा आया मुलाला पुढे करायला भीत. “ताप आला तर काय करू, सिस्टर?” हा ठरलेला प्रश्न असे. नंतर त्याच बायका सुनांना घेऊन येऊ लागल्या. २०११ च्या जानेवारीनंतर या देशात रानटी विषाणूच्या पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. २०१९ साली शंभरातील ९१ मुलांना त्रिगुणी लशीचे तिन्ही डोस मिळत होते. ही पुण्याई एका दिवसाची नव्हती.

२०२० च्या मार्चात कोरोना आला आणि २५ मार्चपासून सारा देश घरात बसला. त्या वेळी मी सेवानिवृत्त होते. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक तरुण सून राहते. तिची मुलगी एप्रिलमध्ये नऊ महिन्यांची झाली, म्हणजे गोवराच्या टोचणीची वेळ झाली. ती दारात लांब उभी राहून मला विचारू लागली, “काकू, दवाखान्यात नेऊ का हो हिला?” मी म्हटले, “अगं, आता कुठे नेतेस? तिथे सगळे कोरोनाचे पेशंट. टोचणी काय, महिना-दोन महिन्यांनी घेता येईल.” जन्मभर टोचणीचे काम केलेल्या बाईने सांगितले म्हटल्यावर तिने ऐकले.

मला जे वाटले तेच त्या दिवसांत लाखो घरांत वाटले. शिवाय अडचणीही खऱ्या होत्या. अंगणवाड्या बंद पडल्या, तेथे भरणारी टोचणीची सत्रे थांबली. आरोग्यसेविका आणि आशाताई कोरोनाचे रुग्ण शोधण्यात गुंतल्या. गाड्या बंद. कामाला मुकलेली कुटुंबे गावी निघून गेली आणि मुलांची नावे ना या वहीत राहिली, ना त्या वहीत चढली. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने मार्चातच सांगितले होते की, गर्दीच्या मोहिमा तूर्त थांबवा, पण नेहमीच्या टोचण्या शक्य तेथे चालू ठेवा. आपल्या केंद्र सरकारनेही एप्रिलमध्ये टोचणी ही अत्यावश्यक सेवांत धरली होती. परंतु कागदावरचा हुकूम आणि आईच्या मनातली भीती यांत भीतीच प्रबळ ठरली.

परिणाम आकड्यांत दिसला. आपल्या देशात तिन्ही डोस पुरे झालेल्या मुलांचे प्रमाण ९१ वरून ८५ वर आले. त्रिगुणी लशीचा पहिला डोससुद्धा न मिळालेली मुले २०१९ साली सुमारे १४ लाख होती, ती २०२० साली सुमारे ३० लाख झाली. साऱ्या जगात २०२१ साली अडीच कोटी मुलांचा एक तरी डोस चुकला. इतकी मोठी घसरण तीस वर्षांत झाली नव्हती. असे पूर्वीही घडले होते. २०१४-१५ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली तेव्हा तेथील टोचण्या बंद पडल्या आणि पाठोपाठ गोवर आला.

गोवरच का? कारण तो सर्वांत वेगाने पसरतो. टोचणी न झालेल्या वस्तीत एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना तो होऊ शकतो. त्याला अडवायचे तर शंभरातील ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले पाहिजेत. नवव्या महिन्यातला एकच डोस घेतला तर शंभरातील पंधरा-एक मुले कच्चीच राहतात. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस. साथीची दोन वर्षे मुले घरात होती, तोंडाला मास्क होते, त्यामुळे गोवरही दबून राहिला आणि आपल्याला वाटले, काही बिघडले नाही. पण टोचणी चुकलेल्या मुलांची संख्या सुक्या लाकडांसारखी साठत होती. दारे उघडली आणि ठिणगी पडली.

२०२२ च्या ऑक्टोबरात गोवंडीत गोवराने लहान मुले दगावू लागली. मग भिवंडी, मालेगाव अशी आणखी नावे आली. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्यात आला. जेथे अगदी तान्ह्यांना लागण होत होती तेथे सहाव्या महिन्यापासूनच टोचावे लागले.

नोव्हेंबरात आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी तापली. चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठले. आजीबाई म्हणाल्या, “गोवर आहे, कडुलिंबाचा पाला ठेवा, घरात फोडणी देऊ नका.” मी श्वास मोजला आणि म्हटले, “आधी दवाखाना.” न्यूमोनिया झाला होता. आठ दिवस ती तेथे होती. अ जीवनसत्त्वाचे डोस दिले, ऑक्सिजन लागला. मूल वाचले. टोचणीचे कार्ड मी मागून घेतले. एप्रिलचा रकाना मोकळा, दुसऱ्या डोसाचाही मोकळा; मधल्या काळात ती मंडळी गावी होती. ‘महिना-दोन महिन्यांनी’ हे माझे शब्द होते, पण नंतर आठवण करायला मी गेले नव्हते. मी तसे बोलून दाखवले, तेव्हा ती सून म्हणाली, “तुम्ही तरी काय करणार, काकू!” ती रागावली असती तर बरे वाटले असते.

त्यानंतर आपल्या मंडळातल्या पाचजणींनी घरोघर जाऊन कार्डे पाहिली, हे भगिनींना आठवत असेल. मोकळे रकाने सापडले, आयांना बरोबर घेऊन गेलो. सरकारनेही इंद्रधनुष मोहिमेतून चुकलेली मुले शोधली. पहिल्या डोसालाही मुकलेली मुले २०२२ साली ११ लाखांच्या आसपास आली, पण २०२३ साली पुन्हा १६ लाखांपर्यंत गेली. तेव्हा हे काम एकदा करून संपणारे नव्हे.

पुढे-मागे पुन्हा मोठी साथ येईल. त्या साथीशी डॉक्टर झुंजतील. आपल्या हाती एवढेच आहे की, त्या गडबडीत पाळण्यातल्या बाळाची तारीख विसरू नये, आणि कोणी विचारले तर ‘मग घेऊ’ असे म्हणू नये. चुकलेला डोस उशिरा का होईना घेता येतो. तो पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. घरी गेल्यावर प्रत्येकीने आपल्या नातवंडाचे कार्ड एकदा उघडून पाहावे, एवढीच विनंती.