क्वेबेक : तटबंदीचे शहर आणि देवमाशांचा किनारा

क्षेत्रफळाने कॅनडातील सर्वांत मोठा असलेला क्वेबेक हा प्रांत फ्रेंच भाषकांचा प्रदेश आहे. सुमारे १५ लाख चौ. कि.मी. विस्ताराच्या या प्रांतातील बहुतांश लोकवस्ती सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात एकवटली असून उत्तरेकडे अरण्ये, सरोवरे व टुंड्रा प्रदेश पसरलेला आहे.

फ्रेंच दर्यावर्दी सॅम्युएल द शाँप्लँ याने १६०८ मध्ये क्वेबेक शहराची स्थापना केली. त्याआधी शेकडो वर्षांपासून येथे मूळ रहिवाशांचे वास्तव्य होते. आजही क्री, इन्नू, मोहॉक, इन्युइट आदी अकरा आदिम समाज येथे राहतात. १७५९ मध्ये शहराबाहेरील पठारावर झालेल्या लढाईत इंग्रज सेनापती वुल्फ आणि फ्रेंच सेनापती माँकाम या दोघांचाही अंत झाला व शहर इंग्रजांच्या हाती गेले. १७६३ च्या पॅरिस तहाने हा मुलूख ब्रिटनला मिळाला. त्याच तहाने भारतातील पाँडिचेरी मात्र फ्रेंचांना परत मिळाली होती.

क्वेबेक शहराची सुमारे ४.६ कि.मी. लांबीची तटबंदी व तिच्या वेशी आजही उभ्या आहेत. १८७१ मध्ये ब्रिटिश फौज निघून गेल्यावर हे तट पाडण्याचा विचार पुढे आला होता. तथापि कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन यांच्या आग्रहामुळे ते वाचले. पुढे १८८४ मध्ये हेच डफरिन भारताचे व्हाइसरॉय झाले. नदीकाठच्या उंच कड्यावरील सज्जाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. जुन्या शहराला १९८५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. शहरानजीकचा ८३ मीटर उंचीचा माँमोरान्सी धबधबा नायगारापेक्षाही उंच आहे.

येथून सुमारे २५० कि.मी. अंतरावर १६४२ मध्ये वसलेले माँट्रियल हे प्रांतातील सर्वांत मोठे शहर आहे. नोत्र-दाम बॅसिलिका आणि माँ-रॉयाल टेकडी ही तेथील प्रमुख आकर्षणे होत.

निसर्गप्रेमींनी सागने नदीच्या मुखाशी असलेल्या तादुसाक गावास अवश्य भेट द्यावी. मे ते ऑक्टोबर या काळात येथे देवमासे पाहावयास मिळतात. शुभ्र बेलुगा देवमासे तर येथे बारमाही असतात. अनिर्बंध शिकारीमुळे त्यांची संख्या अतिशय घटली. १९७९ मध्ये शिकारीवर बंदी येऊनही ते अद्याप संकटग्रस्तच आहेत. म्हणूनच नौकांनी त्यांच्यापासून दूर राहावे, असे कडक नियम आहेत. पूर्वेकडील गास्पे द्वीपकल्पात समुद्रातील पेर्से हा कमानदार खडक आणि लाखाहून अधिक गॅनेट पक्ष्यांचे बोनाव्हान्त्यूर बेट आहे. उत्तरेकडील अरण्यांना २०२३ मध्ये भीषण वणव्यांनी ग्रासले होते. त्यामुळे उन्हाळ्यात तेथे जाणाऱ्यांनी स्थानिक सूचना पाहूनच बेत आखावा.

इंग्रजी भाषकांनी वेढलेल्या या समाजाने आपली भाषा कायद्याच्या बळावर जपली आहे. १९७७ च्या भाषा सनदेने शासन, शिक्षण, व्यवसाय व फलकांत फ्रेंचला अग्रस्थान दिले. फ्रान्समधील रस्त्यांवर वाहने थांबविण्यासाठी ‘स्टॉप’ असे लिहिलेले असते. क्वेबेकमध्ये मात्र बहुधा ‘आरे’ हा फ्रेंच शब्द आढळतो. १९९५ च्या सार्वमतात कॅनडापासून विभक्त होण्याचा प्रस्ताव अवघ्या एका टक्क्याच्या आसपासच्या फरकाने फेटाळला गेला.

माँट्रियल व क्वेबेक शहरातील पर्यटनस्थळी इंग्रजीवर काम भागते. मात्र खेड्यांत फ्रेंचचे चार शब्द उपयोगी पडतात. ‘बाँझूर’ म्हणून केलेली सुरुवात सर्वत्र आपुलकीने स्वीकारली जाते. मेपलची रंगीत पाने पाहण्यासाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम. हिवाळ्यात तापमान उणे २० अंशांखाली जात असल्याने पुरेसे गरम कपडे सोबत असणे आवश्यक आहे. भारतीय नागरिकांनी कॅनडाचा व्हिसा आगाऊ मिळवावा.