औषधांचें ओझें

नेरळच्या स्थानकावर उतरून माथेरानकडे वळणाऱ्यांत वृद्ध माणसें दिसलीं, कीं एक जुनी गोष्ट आठवते. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले; १९०७ सालीं नेरळहून वरपर्यंत छोटी आगगाडी सुरू झाली; आणि हवापालट हा त्या काळीं अनेक दुखण्यांवरचा मानलेला उपाय होता. आज आपण त्यास हंसतों; परंतु त्याहून जुनीं औषधें पाहिलीं, तर हंसूं ओसरतें. अमेरिकेचे जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ सालीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, घसा सुजून आजारी पडले. डॉक्टरांनीं एका दिवसांत त्यांचें दोन लिटरांहून अधिक रक्त काढलें, वर पाऱ्याचें रेचक दिलें. त्याच रात्रीं ते वारले. मृत्यूस रोग कारण झाला कीं उपचार, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

आज औषधें खरोखरच गुणकारी झालीं आहेत, आणि म्हणूनच प्रश्न पालटला आहे. पूर्वीं एक वाईट औषध घातक ठरे. आतां अनेक चांगलीं औषधें एकत्र येऊन घात करितात. नेरळला राहणाऱ्या माझ्या आत्याबाईंचेंच उदाहरण घ्या. रक्तदाबाच्या गोळीनें पाय सुजले. ती सूज नवा रोग समजून दुसऱ्या डॉक्टरांनीं लघवी वाढविणारी गोळी दिली. रात्रीं वारंवार उठावें लागून झोप मोडे, म्हणून तिसऱ्यांनीं झोपेची दिली. एके पहांटे न्हाणीच्या वाटेवर त्या पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें. हेतु कोणाचाहि वाईट नव्हता. सबंध माणूस मात्र कोणींच पाहिला नव्हता.

वयोमानाप्रमाणें मूत्रपिंडांचें कार्य मंदावतें आणि कित्येक औषधें शरीरांत अधिक काळ रेंगाळतात. चरकसंहितेंत रोग्याच्या परीक्षेचे जे दहा विषय सांगितले आहेत, त्यांत वय हा एक आहे. अमेरिकेंत मार्क बिअर्स यांनीं १९९१ सालीं वृद्धांस शक्यतों देऊं नयेत अशा औषधांची यादी केली. दीर्घकाळ अंमल राहणाऱ्या झोपेच्या गोळ्या तींत आहेत, आणि ती यादी आजहि वेळोवेळीं सुधारली जाते.

यावरून औषधें फेंकून द्यावीं, असा अर्थ कोणीं काढूं नये. कित्येक एकाएकीं थांबविणेंहि घातक असतें. घरांतील सर्व गोळ्या, काढे आणि चूर्णें एका पिशवींत घालून एकाच डॉक्टरांपुढें ठेवावीं आणि प्रत्येकाविषयीं विचारावें, 'हें अजून कशासाठीं?' आत्याबाईंच्या घरीं हा प्रश्न आम्हीं विचारला, तो हाड मोडल्यावर.