इलेक्ट्रॉनिक स्वरफलकांचे पेडल-नियंत्रण

इलेक्ट्रॉनिक स्वरफलकांचे पेडल-नियंत्रण : एकच वादक वाजवीत असलेल्या दोन इलेक्ट्रॉनिक स्वरफलकांचा (पट्ट्यांच्या संचांचा) आवाज पायाने कमी-जास्त करण्याची योजना. पियानोमध्ये पट्टीवरील आघाताच्या जोरावर स्वराची तीव्रता ठरते. ऑर्गन व त्याच्या परंपरेतील बहुसंख्य इलेक्ट्रॉनिक वाद्यांत मात्र पट्टी हे केवळ स्वर सुरू व बंद करण्याचे साधन असते. बोट हळू ठेवले वा जोराने ठेवले, तरी आवाजात फरक पडत नाही. दोन्ही हात दोन फलकांवर गुंतलेले असल्याने स्वराचा चढउतार साधण्याचे काम साहजिकच पायाकडे आले. दोन्ही फलकांना मिळून एक पेडल असावे की प्रत्येकाला स्वतंत्र असावे, हा या योजनेतील मुख्य प्रश्न होय. तो इलेक्ट्रॉनिक वाद्यांपेक्षा बराच जुना आहे.

पूर्वेतिहास : नळ्यांच्या ऑर्गनमध्ये हवेचा दाब बदलल्यास स्वराची उंचीही बिघडते, म्हणून दाब कायम ठेवून आवाज अडविण्याचा मार्ग निघाला. लंडन येथील सेंट मॅग्नस चर्चसाठी एब्राहम जॉर्डन यांनी १७१२ मध्ये बांधलेल्या ऑर्गनमधील एका स्वरफलकाच्या नळ्या लाकडी पेटीत बंदिस्त केलेल्या होत्या. या पेटीची सरकती झडप पायाने उघडून आवाज वाढविता येई. बर्कट शुडी यांनी १७६९ मध्ये हार्प्सिकॉर्डसाठी खिडकीच्या पडद्यासारख्या अनेक फिरत्या पट्ट्यांच्या झडपेचे एकस्व (पेटंट) घेतले. हीच रचना पुढे ऑर्गनमध्ये रूढ झाली. जुनी पेडले पाय काढताच मूळ स्थितीत परतत किंवा एखाद्या खाचेत अडकवून ठेवावी लागत. एकोणिसाव्या शतकात तोललेले पेडल प्रचारात आले; पाय काढला तरी ते आहे तेथेच राहते. ही सुधारणा फार महत्त्वाची ठरली. एका पेडलाची स्थिती तशीच ठेवून पाय दुसऱ्याकडे नेणे तिच्यामुळे सोयीचे झाले आणि मोठ्या ऑर्गनांत दोन वा अधिक विभागांना स्वतंत्र पेडले देता आली.

जिव्हाळीच्या (धातूच्या कंप पावणाऱ्या पट्टीच्या) वाद्यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांत हवेच्या दाबातील बदलाने स्वराची उंची तुलनेने कमी बदलते. आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये एकस्व घेतलेल्या हार्मोनियममध्ये एक खुंटी ओढली असता हवा साठविणारा भाता वगळला जाई आणि पायांनी दिलेला दाब थेट जिव्हाळ्यांपर्यंत पोहोचे. मात्र त्यामुळे संपूर्ण फलकाचा आवाज एकदमच वाढे. व्हिक्तॉर म्युस्तेल यांनी १८५४ मध्ये यावर दुहेरी नियंत्रणाचा उपाय काढला : एका गुडघ्याने खर्जाकडील व दुसऱ्याने तारस्वरांकडील अर्ध्या फलकाचा दाब बदलता येई. साथ दबलेली ठेवून मुख्य सुरावट वर काढण्याची सोय त्यामुळे एकाच वादकाला झाली. [⟶ हार्मोनियम].

भारतात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातभात्याची पेटी तयार केली. तिच्यात भाता डाव्या हाती असल्याने स्वराचा चढउतार बारकाईने साधतो, परंतु पट्ट्यांसाठी एकच हात उरतो. मराठी संगीत रंगभूमीवर साथीला आलेल्या पायपेटीत व ऑर्गनमध्ये दोन्ही हात मोकळे राहत. हाताचे काम पायावर सोपविल्याने होणारा लाभ महाराष्ट्रातील रसिकांना अशा रीतीने इलेक्ट्रॉनिक वाद्यांपूर्वीच परिचित झाला होता.

विद्युत् वाद्यांतील विकास : पॅरिसमध्ये १९२८ साली सादर झालेल्या मॉरिस मार्तनो यांच्या वाद्यात आवाजाचे नियंत्रण डाव्या हाताच्या एका खास कळीवर होते. हे वाद्य एका वेळी एकच स्वर काढीत असल्याने ते शक्य झाले. लॉरेन्स हॅमंड यांच्या १९३५ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या ऑर्गनमध्ये मात्र ६१ पट्ट्यांचे दोन फलक होते व दोन्ही हात व्यापलेले असत. त्यात दोन्ही फलक व पायाने वाजवावयाचे खर्जस्वर या सर्वांसाठी मिळून एकच पेडल होते. फलकांमधील परस्पर प्रमाण ० ते ८ अशा अंशांच्या सरकत्या दांड्यांनी आधीच ठरवावे लागे. ठरविलेले प्रमाण बिघडत नाही, हा या योजनेचा गुण. डाव्या हाताची साथ तशीच ठेवून उजव्या हाताची सुरावट वर आणायची असल्यास वाजविता वाजविता दांड्यांकडे हात न्यावा लागतो, हा तिचा दोष.

चित्रपटगृहांतील ऑर्गनांनी याच काळात दुसरा पर्याय रूढ केला होता. रॉबर्ट होप-जोन्स १९१० मध्ये वुर्लिट्झर कंपनीत आल्यानंतर तयार झालेल्या या ऑर्गनांत सर्व नळ्या बंद दालनांत ठेवीत. पुष्कळ वाद्यांत अशी दोन दालने असत व प्रत्येकाच्या झडपांना स्वतंत्र पेडल असे. ही पेडले शेजारी-शेजारी असल्याने उजवे पाऊल दोहोंवर आडवे ठेवून ती एकत्र दाबता येत किंवा पाऊल एका बाजूला कलवून एकच हलविता येई. डावा पाय खर्जस्वरांसाठी मोकळा राही. मात्र कोणत्याही दालनातील नळ्या कोणत्याही फलकावरून वाजविता येत असल्यामुळे येथे पेडल फलकाच्या मालकीचे नसून ध्वनीच्या उगमाच्या मालकीचे होते. हा भेद पुढील काळात निर्णायक ठरला.

जर्मनीत ऑस्कर साला (१९१०–२००२) यांनी १९५२ च्या सुमारास पूर्ण केलेल्या मिक्स्टुर-ट्राउटोनियम या वाद्यात दोन वादनपट्ट्या व दोन पेडले होती. पेडल खालीवर केल्याने आवाज बदले, तर आडवे हलविल्याने स्वरांचे मिश्रण बदले. अ‍ॅल्फ्रेड हिचकॉक यांच्या द बर्ड्स (१९६३) या चित्रपटातील पक्ष्यांचे आवाज याच वाद्यावर निर्माण करण्यात आले.

कार्यपद्धती : पेडलाला जोडलेला बदलता रोधक ही सर्वांत साधी रचना होय. पेडलाबरोबर रोधकाचा सरकता स्पर्श फिरतो आणि विवर्धकाकडे जाणारा विद्युत् दाब कमी-जास्त होतो. मानवी कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटण्यासाठी ध्वनीची शक्ती सु. दहापट, म्हणजे १० डेसिबेल, वाढवावी लागते. त्यामुळे रोध समप्रमाणात बदलणारा असल्यास आवाजातील बहुतेक सर्व फरक पेडलाच्या एका टोकाला गोळा झाल्यासारखा वाटतो. हे टाळण्यासाठी लॉगॅरिथमी चढाचा रोधक वापरतात. सरकत्या स्पर्शाची झीज होऊन खरखर निर्माण होते. हॅमंड कंपनीच्या बी-३ या ऑर्गनमध्ये बदलते धारित्र वापरून हा स्पर्शच टाळण्यात आला. काही वाद्यांत पेडलाने दिव्यासमोरील पडदा हलवून प्रकाशसंवेदी रोधकावर पडणारा प्रकाश बदलीत. पेडल पूर्णपणे वर असतानाही आवाज संपूर्ण बंद न होता मंद राहील अशी तजवीज बहुतेक ऑर्गनांत असते. झडपा मिटल्यावरही ऐकू येणाऱ्या नळ्यांचेच हे अनुकरण होय.

दोन स्वतंत्र पेडले वापरताना आणखी एक अडचण येते. एका फलकाचा आवाज उतरवीत दुसऱ्याचा चढविताना, नियंत्रण समप्रमाणात असल्यास, मध्यावर प्रत्येकाचा विद्युत् दाब निम्मा होतो. म्हणजे प्रत्येक आवाज ६ डेसिबेलने उतरतो. दोन भिन्न ध्वनींची मात्र शक्ती मिळवली जात असल्याने एकूण पातळी ३ डेसिबेलने खाली येते व संगीतात पोकळी जाणवते. म्हणून कसलेला वादक पहिले पेडल उतरविण्याआधीच दुसरे पुरेसे वर आणतो.

सुटे स्वरफलक : ट्रँझिस्टरांच्या वापरामुळे फलक हलके व सुटे झाले. विसाव्या शतकाच्या सातव्या व आठव्या दशकांत ऑर्गनवर किंवा विद्युत् पियानोवर संश्लेषक ठेवून दोन्ही एकत्र वाजविण्याची पद्धत लोकप्रिय संगीतात रूढ झाली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या अशा दोन वाद्यांना समाईक पेडल नसते. त्यावर दोन उपाय आहेत : प्रत्येकाच्या मार्गात वेगळे पेडल घालणे, किंवा दोन समांतर रोधक असलेल्या एकाच पेडलातून दोन्हींचे संकेत नेणे. दुसऱ्या उपायात हॅमंड यांच्या मूळ योजनेचे गुण-दोष पुन्हा अवतरतात. शिवाय नियंत्रण-पेडलातील तारांची जोडणी सर्व कंपन्यांची सारखी नसल्याने एकाचे पेडल दुसऱ्याच्या वाद्यावर नीट चालेलच असे नाही.

१९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी या अंकीय संकेतप्रणालीत १६ वाहिन्यांची सोय आहे. तिच्यात पेडल प्रत्यक्ष ध्वनिसंकेत अडवीत नाही, तर आपली स्थिती सामान्यतः ० ते १२७ या अंकांत कळविते. ७ क्रमांकाचा नियंत्रक वाहिनीची मूळ पातळी ठरवितो, तर ११ क्रमांकाचा नियंत्रक त्या मर्यादेत चढउतार करतो. त्यामुळे दोन फलकांना दोन वाहिन्या देऊन त्यांचे परस्पर प्रमाण पहिल्याने स्थिर ठेवता येते व दुसऱ्याने दोन्ही एकत्र किंवा स्वतंत्रपणे हलविता येतात. एकच पेडल क्षणात एका फलकाकडून दुसऱ्याकडे सोपविणेही शक्य होते.

मूल्यमापन : आघातसंवेदी पट्ट्यांमुळे पेडलाची गरज संपली नाही. आघात स्वराच्या आरंभीची तीव्रता ठरवितो. लांबविलेला स्वर पुढे फुलविण्यास किंवा ओसरू देण्यास पेडल हेच सर्वांत सुलभ साधन राहिले. एक पेडल संपूर्ण संगीताला एकच श्वास देते. दोन पेडले दोन आवाजांमध्ये संवाद घडवितात, परंतु त्यांसाठी एका पायाला दोन कामे करावी लागतात किंवा खर्जस्वर सोडून द्यावे लागतात. तंत्राने ही निवड सोपी केली. मात्र ती करण्याची जबाबदारी वादकावरच राहिली आहे.