ली-एनफिल्ड रायफलीचे हौशी जतन

लष्कराने सेवेतून काढून नागरी बाजारात विकलेल्या ली-एनफिल्ड रायफली परवान्यावर बाळगून त्यांची निगा राखणे, त्यांचे लाकूड व पोलाद पूर्वस्थितीला आणणे आणि क्वचित त्यांत फेरफार करणे, असा हा छंद असून तो मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या देशांत रुजलेला आहे. जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) याने योजलेली बोल्टची रचना आणि इंग्लंडमधील एनफिल्ड येथील सरकारी कारखान्याने ठरविलेली नळीच्या आतील आट्यांची घडण यांवरून या रायफलीला हे जोडनाव मिळाले. १८९५ मध्ये ती ब्रिटिश सैन्यात दाखल झाली; १९०७ चा मार्क ३ हा नमुना पहिल्या महायुद्धात आणि क्रमांक ४ हा नमुना दुसऱ्या महायुद्धात प्रामुख्याने वापरला गेला. दहा काडतुसांचे मॅगझिन आणि ०.३०३ इंच बोअरचे, तळाला कडा असलेले काडतूस ही तिची ओळख होय. ऑस्ट्रेलियातील लिथगो, कॅनडातील लाँग ब्रांच आणि बंगालमधील ईशापूर येथेही ती तयार होत असल्याने एकाच नमुन्याच्या रायफलींत लाकूड, शिक्के आणि बारकावे यांचे जे वैविध्य आढळते, तेच संग्राहकांच्या आस्थेचे मूळ आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वयंचलित रायफली आल्या आणि बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागणाऱ्या जुन्या रायफली निकालात निघून अत्यल्प किमतीला विकल्या जाऊ लागल्या. त्या काळच्या ग्राहकाला इतिहासापेक्षा शिकारीसाठी स्वस्त रायफल हवी होती. म्हणून नळीखालचे लांब लाकूड अर्ध्यावर कापणे, नळीवरचे लाकडी आच्छादन काढून टाकणे, संगीन अडकविण्याचे पुढचे टोपण उतरविणे आणि दुर्बिणीसाठी रिसीव्हरला, म्हणजे ज्या पोलादी चौकटीत बोल्ट सरकतो तिला, भोके पाडणे हे प्रकार घरोघरी आणि बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या व्यापारी संस्थांतही सर्रास चालत. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने लष्करी अतिरिक्त शस्त्रांची आयात बंद झाली आणि १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरती ती पुन्हा खुली झाली. आवक आटत गेली तशी अस्पर्श रायफल दुर्मिळ झाली आणि छंदाची दिशाच उलटली; पूर्वी कापलेल्या रायफलींना जुन्या भागांच्या साठ्यातून मिळविलेले लाकूड पुन्हा बसविणे हे आज या क्षेत्रातील सर्वांत प्रतिष्ठेचे काम मानले जाते. कापलेले लाकूड बदलता येते, परंतु घासून सपाट केलेले रिसीव्हरचे कान किंवा पाडलेली भोके पूर्ववत होत नाहीत. म्हणून जो बदल पुढच्या मालकाला सहज काढून टाकता येईल तेवढाच करावा, हा नियम जाणकार आग्रहाने पाळतात.

साठ्यातून आलेली रायफल बहुधा कॉस्मोलीन या तपकिरी, मेणचट, खनिज तेलापासून बनविलेल्या गंजरोधकात माखलेली असते. सौम्य उष्णतेने ते पातळ होऊन वाहते आणि उरलेले टर्पेंटाइनच्या जातीच्या खनिज द्रावकाने निघते. त्यानंतरचे काम साफसफाईचे नव्हे, वाचनाचे असते. दस्त्याच्या मानेजवळच्या पोलादी पट्ट्यावरील राजमुकुट, कारखान्याचे नाव व वर्ष, बोल्टच्या दांड्यावरचा आणि रिसीव्हरवरचा क्रमांक, तसेच लाकडावरचे तपासनिसांचे ठसे यांवरून ती रायफल कोठे घडली, केव्हा दुरुस्त झाली आणि तिचे भाग मूळचेच आहेत का, हे कळते. ‘डी पी’ ही अक्षरे असल्यास ती केवळ कवायतीसाठी राखलेली, गोळीबारास अयोग्य ठरविलेली रायफल असते व तिच्यातून कधीही गोळी झाडू नये. इतर रायफलींतही बोल्टचे तोंड आणि नळीचा मागचा काठ यांच्यामधील, काडतुसाची कडा मावण्यापुरते जे अंतर असते, ते मापकाने तपासणे अनिवार्य आहे; ०.३०३ साठी ते किमान ०.०६४ इंच आणि लष्करी सेवेत कमाल ०.०७४ इंच धरले जाई. क्रमांक ४ च्या बोल्टचे टोक सुटे असून ० ते ३ अशा चढत्या क्रमांकांत, क्रमागणिक किंचित लांब मिळे, त्यामुळे झिजेने वाढलेले हे अंतर शस्त्रागारातच कमी करता येई. ही तपासणी प्रशिक्षित शस्त्रकारागिराकडूनच करून घ्यावी.

खरी कसोटी लाकडाची असते. अक्रोड, बीच किंवा बर्च यांच्या दस्त्यात दशकानुदशके मुरलेले वंगण लाकूड काळे व मऊ करते. ते शोषून काढण्यासाठी खडूच्या बारीक पुडीचा लेप लावून उन्हात ठेवण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत निरुपद्रवी ठरते. दबलेल्या खळग्यावर ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री टेकविली की वाफ लाकडात शिरते आणि चेपलेले तंतू फुगून वर येतात. मात्र तंतू तुटले असतील तर हा उपाय चालत नाही. सँडपेपरने एकदा घासलेल्या दस्त्यावरचे तपासनिसांचे ठसे आणि सैनिकाच्या हाताने गुळगुळीत झालेल्या कडा कायमच्या जातात, आणि त्याबरोबर त्या रायफलीचे अर्धे चरित्रही पुसले जाते. नवा झिलईदार लाखेचा थर चकचकीत दिसला तरी ब्रिटिश शस्त्रागारांची पद्धत ती नव्हती. तेथे लाकूड जवसाच्या, म्हणजे अळशीच्या, कच्च्या तेलात मुरविले जाई आणि सैनिक तळहाताने तेच तेल पुनःपुन्हा चोळीत. हे तेल पाण्यासारखे उडून सुकत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे रेणू जोडले जातात आणि लाकडाच्या रंध्रांत चिवट पापुद्रा तयार होतो. कच्च्या तेलाला यासाठी कित्येक दिवस लागतात, तर बाजारात ‘उकळलेले’ म्हणून मिळणारे जवसाचे तेल धातूंच्या क्षारांमुळे लवकर सुकते. या संयोगात उष्णता निर्माण होते, त्यामुळे तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

लाकूड केवळ शोभेचे नसते. बार उडताना रिसीव्हरचा मागे येणारा धक्का नळीखालच्या लाकडातील दोन लहान आधारपृष्ठांवर बसतो आणि वाळून आकसलेले लाकूड तेथे तडकते. लिथगोच्या कारखान्याने मऊ स्थानिक लाकूड वापरावे लागल्यावर या जागी तांब्याच्या पट्ट्या बसविल्या, तर ईशापूरने लाकडातून आडवा स्क्रू घालून ते आवळले. अशा स्क्रूला ‘नंतरची भर’ समजून काढून टाकणे ही चूक होय, कारण ती दुरुस्ती स्वतःच इतिहासाचा भाग आहे.

पोलादावरचे मूळ आवरण बहुधा ब्लूइंगचे, म्हणजे पृष्ठभागावर काळ्या लोहऑक्साइडचा पातळ थर आणण्याच्या क्रियेचे, असते. संथ पद्धतीत पोलादावर मुद्दाम गंज चढवून, तो उकळत्या पाण्यात काळा करून, तारेच्या ब्रशने हलकेच झाडतात व हे अनेकदा करतात. उशिराच्या रायफलींवर फॉस्फेटचा राखाडी लेप किंवा वर काळा रंगही आढळतो. जिवंत, लाल गंज तेल लावून पितळेच्या खरवडणीने काढावा. स्थिरावलेली काळपट छटा मात्र तशीच राहू द्यावी.

गोळीबारानंतरच्या निगेत एक जुना धोका दडलेला आहे. अनेक लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असते; स्फोटानंतर उरणारे पोटॅशियम क्लोराइड मिठासारखे हवेतील ओल खेचते आणि एका रात्रीत नळी गंजवू शकते. तेलात हा क्षार विरघळत नाही, म्हणून ब्रिटिश सैनिक नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतीत, मग दोरीच्या पुलथ्रूने फलालीनची चिंधी ओढून नळी कोरडी करीत आणि शेवटी तेल लावीत. तो पुलथ्रू आणि तेलाची बाटली दस्त्याच्या मागच्या पितळी झाकणाआडच्या पोकळीत ठेवलेली असे. जुन्या ०.३०३ काडतुसांपैकी तळावर ‘के एफ’ अक्षरे असलेली काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची होत.

पिस्तुलांच्या बाबतीत फेरफाराचे दुष्परिणाम अधिक स्पष्ट दिसतात. ब्रिटिशांचे वेब्ली मार्क ६ हे ०.४५५ इंचाचे रिव्हॉल्व्हर अमेरिकेत विकले गेले तेव्हा तेथे सुलभ असलेली ०.४५ इंचाची पिस्तुलाची काडतुसे बसावीत म्हणून त्यांतील पुष्कळांच्या चक्राचा मागचा भाग घासण्यात आला. त्या काडतुसाचा दाब मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त असल्याने चक्र व सांधा ढिले होण्याचा, प्रसंगी फुटण्याचा, धोका असतो. याच कारणाने जुन्या मार्क ३ चे ७.६२ मिमी काडतुसासाठी रूपांतर करणे अयोग्य होय. ईशापूरने १९६० च्या दशकात काढलेली २ए व २ए१ ही ७.६२ मिमीची रायफल दिसायला तिच्यासारखी असली तरी ती अधिक मजबूत पोलादाची, नव्याने घडविलेली होती.

भारतात हा छंद त्या अर्थाने अस्तित्वात नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्र बाळगण्यासच नव्हे, तर व्यवसाय म्हणून त्याची दुरुस्ती वा रूपांतर करण्यासही परवाना लागतो, आणि ०.३०३ हा बोअर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहे. परवानाधारकांसाठी ईशापूरने त्याच यंत्रणेवर ०.३१५ इंचाची शिकारी रायफल काढली. मराठी वाचकाने ली-एनफिल्ड हातात घेतली असेल तर ती बहुधा एनसीसीच्या कवायतीत, ‘डी पी’ अक्षरे कोरलेली.