5.51 : सहा सेकंदांच्या गेमवरचं 35 वर्षांचं भांडण

आजचा एपिसोड ज्या गेमवर आहे तो एकदा खेळायला सहा सेकंदही लागत नाहीत. मी हे वाक्य बोलून संपवेपर्यंत एखादा खेळाडू शर्यत पूर्ण करून मोकळा झालेला असेल. पण या गेमच्या एका आकड्यावरून जे वाजलं ते मिटायला 35 वर्षं गेली.

गेमचं नाव ड्रॅगस्टर. साल 1980. कंपनी अ‍ॅक्टिव्हिजन, बनवणारा डेव्हिड क्रेन, मशीन अटारी 2600. स्क्रीनवर एक लांबुळकी रेसिंग कार. काउंटडाउन संपला की बटण दाबून रेस द्यायची, जॉयस्टिकने क्लच मारून गिअर बदलायचे आणि शेवटाला पोचायचं. रेस जास्त झाली तर इंजिन फुटतं आणि काउंटडाउनच्या आधी निघालात तर बाद. बस, एवढाच खेळ. आणि हा सगळा प्रकार 2 केबीच्या कार्ट्रिजमध्ये! आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा याच्या कित्येक पट मोठा असतो.

अ‍ॅक्टिव्हिजनची एक भारी योजना होती. चांगला स्कोअर झाला की टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो काढायचा आणि पोस्टाने कंपनीला पाठवायचा. मग कंपनीकडून कापडी बॅज यायचा, जॅकेटवर शिवायला. ड्रॅगस्टरमध्ये हा बॅज सहा सेकंदांच्या आत आल्यावर मिळायचा. म्हणजे तेव्हाचा पुरावा काय, तर एक फोटो, आणि तो बघून मान डोलावणारं कंपनीतलं कुणीतरी.

1982 मध्ये टॉड रॉजर्स या अमेरिकन खेळाडूच्या नावावर 5.51 सेकंदांची नोंद झाली. पुढे हा आकडा ट्विन गॅलेक्सीजच्या यादीत गेला. व्हिडिओ गेमच्या विक्रमांची नोंद ठेवणारी ही अमेरिकेतली जुनी संस्था. तिथून तो गिनीजमध्ये गेला आणि व्हिडिओ गेममधला सर्वांत जास्त काळ टिकलेला विक्रम म्हणून मिरवू लागला.

आता बाकीच्यांचं काय चाललं होतं ते बघा. जगभरातले लोक ड्रॅगस्टर खेळत होते आणि 5.57 पर्यंत येऊन अडकत होते. 5.54 नाही, 5.51 तर नाहीच. 5.57 आणणाऱ्याला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय, गिअर बदलायचं टायमिंग अजून जमलेलं नाही. पुन्हा खेळ, पुन्हा 5.57. रॉजर्सचं सांगणं असं होतं की तो गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून सुरुवात करायचा. लोकांनी तेही करून पाहिलं. वेळ कमी होईना.

2017 मध्ये ओम्निगेमर या टोपणनावाने खेळणाऱ्या एका स्पीडरनरने खेळणं बाजूला ठेवलं आणि गेमचा कोडच उघडला. आमच्या धंद्यात याला डिसअसेंबल करणं म्हणतात. मशीनला कळणारे आकडे पुन्हा माणसाला वाचता येतील अशा सूचनांमध्ये आणायचे. प्रत्येक क्षणी इंजिनची रेस किती, गिअर कोणता, त्यावरून वेग किती वाढतो, असं सगळं गणित त्याने स्प्रेडशीटमध्ये मांडलं. हो, स्प्रेडशीटमध्ये. आपण फ्लॅटमधल्या लाइट बिलाची वाटणी करतो, त्याच स्प्रेडशीटमध्ये.

इथे एक बारीक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा खटला तिच्यावर उभा आहे. ड्रॅगस्टरचं घड्याळ सरकन पुढे जात नाही, ते उड्या मारतं. टीव्हीवर सेकंदाला साधारण 60 चित्रं येतात आणि गेम प्रत्येक गाडीचा हिशोब एकाआड एक चित्राला करतो. म्हणजे घड्याळाची एक उडी साधारण 0.033 सेकंदांची. त्यामुळे 5.57 च्या खालची वेळ 5.54 आणि तिच्या खालची 5.51. मधली 5.53 किंवा 5.56 अशी वेळ या गेममध्ये येऊच शकत नाही. रॉजर्सचा दावा आणि बाकी जग यांच्यात फक्त दोन उड्यांचं अंतर होतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण स्प्रेडशीट सांगत होती की पहिली उडीच शक्य नाही. कितीही अचूक बटणं दाबा, 5.57 च्या खाली जाता येत नाही. नंतर टासबॉटने, म्हणजे आधी ठरवलेली बटणं मशीनकडून दाबून घेणाऱ्या यंत्रणेने, खऱ्या अटारीवर प्रयत्न केला. वेळ आली 5.57.

तरीही वाद लगेच मिटला नाही, आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो हा भाग. रॉजर्सच्या बाजूचे लोक म्हणत होते की खुद्द अ‍ॅक्टिव्हिजनने त्या काळी हा स्कोअर मान्य केला होता. 35 वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय आजच्या हत्यारांनी तपासणं योग्य आहे का? प्रश्न अगदीच फालतू नाहीये. त्या वेळच्या नियमाप्रमाणे फोटो पुरेसा होता. मग नियम पाळणाऱ्याला आज नवा नियम लावायचा?

माझं मत सांगतो. नियम जुना असेल, पण गेमचा कोडही तितकाच जुना आहे. 1980 मध्ये कार्ट्रिजमध्ये जे आकडे बसवले, तेच 2017 मध्ये वाचले गेले. आणि दुसरं, 5.51 हा आकडा एकट्या रॉजर्सचा नव्हता. त्याच्या खाली ज्यांची नावं होती, किंवा यादीत यायचं ज्यांनी सोडूनच दिलं, त्यांचाही त्याच्याशी संबंध होता. शेवटी 29 जानेवारी 2018 ला ट्विन गॅलेक्सीजने रॉजर्सचे सगळे स्कोअर काढून टाकले आणि त्याच्यावर बंदी घातली. गिनीजनेही पाठोपाठ त्याचे विक्रम काढले. रॉजर्सने मात्र फसवणूक केल्याचं मान्य केलं नाही.

तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे, तेव्हा कुणाच्या घरी व्हिडिओ रेकॉर्ड होत होता? खरंय. पण फोटोपेक्षा चांगला पुरावा पुढच्या दहा-बारा वर्षांतच आला होता, तोही गेमच्या आतूनच. 1993 च्या डूममध्ये खेळ रेकॉर्ड करायची सोय होती. ती फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे. तिच्यात फक्त कोणत्या क्षणी कोणतं बटण दाबलं याची नोंद असायची. दुसऱ्याने ती आपल्या कॉम्प्युटरवर चालवली की गेम तीच बटणं पुन्हा 'दाबून' तोच खेळ उभा करायचा. फाइल इतकी छोटी की डायलअप इंटरनेटवरही सहज जायची. 1996 च्या क्वेकमध्येही रेकॉर्डिंगची सोय आली आणि 1997 मध्ये काही खेळाडूंनी मिळून अख्खा क्वेक सर्वांत कठीण पातळीवर 19 मिनिटं 49 सेकंदांत संपवून दाखवला. प्रत्येक तुकडा त्यातल्या सर्वांत तरबेज माणसाचा. मग पुढचं भांडण: एका माणसाने एका दमात खेळणं आणि दहा जणांचे तुकडे जोडणं सारखंच का? उत्तर निघालं की दोन्ही चालेल, पण याद्या वेगळ्या. स्पीडरनिंगमधले अर्धे वाद असेच मिटलेत, नवी यादी उघडून.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट पटकन पचत नाही. या लोकांना भिंतीतून आरपार जाणं चालतं. गेममधल्या बगचा फायदा घेऊन अर्धा गेम गाळणं चालतं, त्यासाठी तर खास प्रकार आहे. पण कीबोर्डवर डावं आणि उजवं बटण एकदम दाबणं सुपर मारिओ ब्रदर्समध्ये चालत नाही! कारण मूळ कंट्रोलरचं अधिक चिन्हासारखं बटण एका बाजूला दाबलं की दुसरी बाजू वर उचलली जाते, दोन्ही एकदम दाबताच येत नाहीत. कीबोर्डला मात्र मनाई नाही. या गेममध्ये 4 मिनिटं 55 सेकंदांच्या आत येणारा पहिला खेळाडू निफ्टस्की, एप्रिल 2021 मध्ये, कीबोर्डवरच खेळला होता. म्हणजे गेमला फसवायची मुभा आहे, फक्त शेजारच्या खेळाडूकडे नसलेलं हत्यार घेऊन यायचं नाही.

आणि हत्यार दिसलंच नाही तर? 2020 च्या ऑक्टोबरमध्ये ड्रीम या प्रचंड लोकप्रिय यूट्यूबरने माइनक्राफ्टच्या काही रन लाइव्ह खेळल्या आणि त्यातली एक यादीत पाचवी आली. व्हिडिओ होता, लाखो साक्षीदार होते, खेळात कुठेही काही खटकत नव्हतं. खटकलं ते नशीब. माइनक्राफ्टमध्ये पिग्लिनला सोनं दिलं की तो बदल्यात काहीतरी देतो, आणि त्यात हवी असलेली एंडर पर्ल यायची शक्यता पाच टक्क्यांपेक्षाही कमी. 262 सौद्यांत साधारण 12 वेळा यायला हवी होती. ड्रीमला आली 42 वेळा. ब्लेझ नावाचा राक्षस मारला की निम्म्या वेळा रॉड मिळतो, त्याला 305 मध्ये 211 वेळा मिळाला.

तपासणारे मॉडरेटर म्हणजे पगाराशिवाय काम करणारी मुलं. त्यांनी 29 पानांचा गणिती अहवाल लिहिला आणि डिसेंबरमध्ये जाहीर केला: असं नशीब लागायची शक्यता साडेसात लाख कोटींत एक. तीही ड्रीमला जमेल तितकी सूट देऊन. ड्रीमच्या चाहत्यांनी मॉडरेटरनाच धारेवर धरलं. ड्रीमने आपल्या बाजूने नाव जाहीर न केलेल्या एका तज्ज्ञाकडून उत्तर लिहून घेतलं, त्याचा आकडा आला दहा कोटींत एक. आता सांगा, बचाव पक्षाचाच आकडा इतका असेल तर! मे 2021 च्या शेवटी ड्रीमने मान्य केलं की त्या वेळी शक्यता बदलणारा मॉड चालू होता. तो चालू आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, असंही तो म्हणाला.

रन तर डिसेंबरमध्येच यादीतून निघाली होती. सहाव्या नंबरवाला पाचवा झाला. त्याच्याबद्दल कुणी व्हिडिओ केला नाही.

आणि ड्रॅगस्टर? 5.51 गेल्यावर यादीच्या टोकाला कुणी एकटा राहिला नाही. तिथे आता एकापेक्षा जास्त नावं आहेत, सगळ्यांची वेळ 5.57. त्यातले काही जण वर्षानुवर्षं स्वतःला दुसरे समजत होते.